चादरमावशी आणि मागचं दार

"लॉन्ड्री कुठं आहे?" मावशीने विचारलं.

वृद्धसेवा केंद्राच्या व्यवस्थापक बाईंनी हातातली गुळगुळीत पुस्तिका मिटली. आत्तापर्यंत त्या बागेबद्दल, सकाळच्या संगीताबद्दल आणि प्रत्येक खोलीतल्या टीव्हीबद्दल बोलत होत्या. समोरच्या सोफ्यावर भाचा पुढे सरकून ऐकत होता. त्याची बायको पाठीमागे उशी घेऊन बसली होती. मावशी मात्र खुर्चीच्या कडेवर, पर्स मांडीवर घट्ट धरून.

"कपडे आम्ही बाहेर देतो धुवायला. सगळं मशीनचं काम आहे."

"गाडी कधी येते?"

"कसली गाडी?"

"मळकं न्यायची."

"सोमवारी आणि गुरुवारी. तर मी बागेचं सांगत होते..."

"चाळीस खाटा म्हणालात. सगळे झोपूनच असतात?"

"आम्ही त्यांना पेशंट म्हणत नाही. पाहुणे म्हणतो."

"बरं, पाहुणे झोपूनच असतात?"

भाच्याने बुटाच्या टोकाने मावशीच्या चपलेला हळूच ढोसलं. मावशीने पाय काढून घेतला आणि उत्तराची वाट बघत बसली. व्यवस्थापक बाईंनी किल्ल्या उचलल्या. सगळे खोली बघायला उठले.

मावशीला तिच्या कामाच्या जागी सगळे चादरमावशी म्हणायचे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, लॉन्ड्रीत, तिची एकतीस वर्षं गेली. त्यातली शेवटची बारा ती तिथली प्रमुख होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दिवसाचे आठ तास वाफेत आणि यंत्रांच्या घरघरीत. त्यामुळे ती अजूनही बोलते ते समोरचा पलीकडच्या भिंतीशी उभा आहे असं समजून. चादर हातात आली की वरच्या मजल्यावर काय चाललंय ते तिला कळायचं. औषध सांडलंय की चहा, माणूस तळमळतंय की शांत झोपतंय, कोण चार-चार दिवस एकाच कुशीवर पडून आहे. एकदा अशीच एक चादर खांद्यावर टाकून ती थेट वॉर्डात गेली होती. "सात नंबरच्या बाईंना कोणी वळवतंय का?" असं तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं. लॉन्ड्रीची बाई वर आलीच कशी, म्हणून तिला लेखी ताकीद मिळाली. सात नंबरच्या बाईंच्या पाठीला जखम सुरू झाली होती, हे दुसऱ्या दिवशी कळलं. ताकीद कोणी परत घेतली नाही. मावशीने ती चार घड्या घालून कपाटात जपून ठेवली आहे. लोक प्रशस्तिपत्रं ठेवतात तशी.

आता प्रश्न तिच्या सख्ख्या बहिणीचा होता.

ताई तिच्याहून चार वर्षांनी मोठी. जन्मभर कचेरीत टायपिस्ट. तिच्या कागदात काना-मात्रेची चूक सापडायची नाही आणि तिच्या तोंडात वावगा शब्द सापडायचा नाही. गेल्या वर्षी तिला मेंदूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि शब्दही गेले. समजायचं सगळं, पण बोलायला गेलं की एकच शब्द बाहेर पडायचा: "गाढव." डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिव्यांची जागा मेंदूत निराळी असते. घरातल्यांना हळूहळू त्यातले फरक कळायला लागले. पाणी हवं असलं की हळू "गाढव", दुखलं की लांबवलेलं "गाढव". ताईचा एकुलता एक मुलगा म्हणजे हा भाचा. त्याला मात्र ती हा शब्द ज्या ठसक्यात म्हणायची, त्यात फरक शोधायची गरज नसायची.

सगळी सेवा सुनेने केली. ती शाळेत शिकवायची. पहाटे उठून सासूला उचलायची, पुसायची, कपडे बदलायची, मग शाळा, मग पुन्हा तेच. आठ महिन्यांनी तिच्या कण्यातली चकती सरकली. डॉक्टरांनी बजावलं, आता बादलीसुद्धा उचलायची नाही. मावशी तेव्हा छातीठोकपणे म्हणाली होती, "मी नेते तिला." मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौथ्या दिवशी बाथरूममध्ये दोघी बहिणी एकमेकींना धरून खाली बसल्या त्या उठूच शकेनात. शेजारचे कामावरून परत येईपर्यंत तासभर तशाच. त्या तासात ताई एकदाच बोलली आणि त्या वेळी तो शब्द मावशीसाठी होता.

म्हणून ही शोधाशोध. ताईला कुठंतरी ठेवायला हवं होतं, यावर वाद नव्हता. कुठं, एवढाच वाद होता. भाच्याने जागा पक्की करून टाकली होती. सोमवारी सकाळी गाडी येणार होती. आजचं बघणं हे मावशीचं तोंड बंद करण्यापुरतं होतं.

खोली छान होती. भाच्याचं टाइल्सचं दुकान होतं. तो आत शिरला तो खाली बघतच. "वा! सांधा तरी दिसतोय का? काय लेव्हल आहे!" तो वाकला आणि त्याने फरशीवरून हात फिरवला.

मावशीने तोवर गादीचा कोपरा उचलला होता. गादीवर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच होतं.

"या खाटेवर कोणी झोपलेलंच नाही."

"ही दाखवायची खोली आहे," व्यवस्थापक बाई म्हणाल्या.

"मग राहायची दाखवा."

"पाहुण्यांना त्रास होतो. आणि एक सांगते, पहिले पंधरा दिवस आम्ही भेटायला येऊ देत नाही. घरचं माणूस दिसलं की ते रुळत नाहीत. नंतर शनिवार-रविवार, चार ते सहा."

"पंधरा दिवस?" सूनबाईने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"शिस्त आहे," भाचा म्हणाला. त्याला ते आवडलेलं दिसलं.

परतताना मावशी गाडीत मागे बसली. "काचघर आहे ते," ती म्हणाली. "पुढून सगळी काच आणि आतलं काही दिसत नाही."

"मावशी, तुला प्रत्येक ठिकाणी फक्त चादरीच दिसतात."

"आणि तुला फरशी. आपण दोघंही माणसाच्या वर-खालीच बघतो म्हणायचं."

सूनबाई हसली आणि पाठीतून कळ आली म्हणून थांबली.

गुरुवारी सकाळी साडेसातला मावशी काचघराच्या मागच्या फाटकापाशी उभी होती. हातात भाजीची पिशवी, म्हणजे कोणी विचारायला नको. पुढून काच होती, पण मागे सिमेंटची साधी भिंत, कचऱ्याचे डबे आणि एक लोखंडी दार. आठाच्या सुमाराला टेम्पो आला. चालक पन्नाशीचा, कमरेला पट्टा बांधलेला. त्याने दार वाजवलं. आतून दोन गाठोडी बाहेर सरकवली गेली आणि दार बंद झालं.

"बस? दोनच?" मावशी पुढे झाली.

"इथलं हलकंच असतं, मावशी," चालक म्हणाला. "माझ्या कमरेला बरं. खरी कंबर मोडते ती लॉजच्या धुण्याने."

"चाळीस खाटांचं, तीन दिवसांचं, दोन गाठोडी?"

चालकाने तिच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही याच लाइनीतल्या का?"

"एकतीस वर्षं. तळघरात."

"मग तुम्हाला काय सांगायचं."

"मला सांगू नका. गाठ सोडू द्या फक्त."

त्याने खांदे उडवले आणि टेम्पोला टेकून उभा राहिला. मावशीने पिशवी खाली ठेवली आणि गाठ सोडली. वर टेबलावरची कापडं. त्याखाली पडदे. त्याखाली उशांचे अभ्रे, आणि तळाशी चादरी, पाच-सहा. दुसऱ्या गाठोड्यात तसंच. तिने एक चादर दोन्ही हातांनी उजेडात धरली.

चादर एकदा ओली झाली आणि लगेच काढली, तर तिच्यावर एकच कडं उमटतं. ती तशीच माणसाखाली वाळली आणि पुन्हा ओली झाली, तर त्या कड्याबाहेर दुसरं उमटतं, मग तिसरं, कापलेल्या झाडाच्या बुंध्यावर असतात तशी. मावशीने बोटाने मोजली. चार. दुसऱ्या चादरीवर पाच. तिसरीवर तर तिने मोजायचं सोडून दिलं. वरून कसला तरी फुलांचा फवारा मारलेला होता, टेम्पोत ठेवल्यावर वास येऊ नये म्हणून.

"बांधा," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. तळघरात तो असा झाला की लॉन्ड्रीतल्या बायका यंत्रं बंद करून तिच्याकडे बघायच्या.

ती तशीच भाच्याच्या दुकानात गेली. दुकानात उभ्या मांडलेल्या टाइल्सच्या रांगांमधून ती थेट त्याच्या टेबलाशी पोचली आणि गिऱ्हाइकासमोरच सगळं सांगितलं. भाच्याने गिऱ्हाइकाला दुसऱ्या दालनात पाठवलं.

"मावशी, जरा डोकं लाव. धुणं कमी, म्हणजे जागा स्वच्छ!"

"झोपलेल्या चाळीस माणसांचं धुणं कमी कधीच नसतं. कमी दिसलं म्हणजे ते अंगाखालीच आहे."

"डायपर असतात हल्ली."

"असतात ना. तेही भरतात. भरलं की चादरीवर येतं. चार कडी, राजा. तुझ्या आईने चार वेळा ओलं व्हायचं आणि चार वेळा अंगाच्या उबेने वाळायचं, तेव्हा कुठं चादर बदलणार."

"म्हणजे तू परक्यांच्या घाणीत हात घालून आलीस?"

"एकतीस वर्षं घातला. त्या पगारावर तुझ्या शाळेची दप्तरं आली आहेत, तेव्हा तुला वास आला नाही."

भाच्याने कपाळ चोळलं. तो वाईट माणूस नव्हता. दुकान, बायकोची पाठ, आई, अशी त्याची तीन ठिकाणी ओढाताण चालली होती. एक प्रश्न तरी सुटला असं त्याला चार दिवसांपूर्वी वाटलं होतं, आणि मावशी त्याची गाठ पुन्हा सोडायला आली होती. "सोमवारी गाडी येणार आहे," तो म्हणाला. "तुला दुसरं काही दिसत असेल तर दाखव. नाहीतर गप्प बस."

"दाखवते," मावशी म्हणाली. "आणि गप्प तर मी बसणारच नाही."

शुक्रवारी आणि शनिवारी तिने शहर पालथं घातलं. बस बदलून बदलून पाच ठिकाणी गेली, आणि पाचही ठिकाणी मागून. एका ठिकाणी मागे काहीच वाळत नव्हतं, नुसता पाळलेला कुत्रा होता. एका ठिकाणी चादरी स्वच्छ होत्या, पण इस्त्रीच्या घड्या जशाच्या तशा, म्हणजे घालून लगेच काढलेल्या. बहुतेक कोणी तपासायला येणार होतं. तिसऱ्या ठिकाणी जागा नव्हती. चौथ्या ठिकाणी तिला चोर समजून रखवालदाराने पोलिसांची धमकी दिली. "बोलवा," मावशी म्हणाली, "त्यांनाही गाद्या दाखवू." पण त्याने बोलावलं नाही.

पाचवं घर बस डेपोच्या मागे होतं. पुढून बघायला काही नव्हतं. रंग उडालेली भिंत, दारात तुटकी पायरी, वर बसच्या धुराने काळवंडलेली पाटी. मावशी वळसा घालून मागे गेली आणि जागच्या जागी थांबली.

मागच्या अंगणात दोऱ्याच दोऱ्या होत्या. त्यांवर चादरी, दोऱ्या पुरल्या नाहीत म्हणून कठड्यावर चादरी, जिन्याच्या लोखंडावर रबरी कापडं. चादरी धुऊन धुऊन इतक्या विरल्या होत्या की पलीकडचं ऊन त्यांच्यातून दिसत होतं. काहींना ठिगळं होती. मावशीने एक कोपरा उचलून ठिगळाची शिवण बघितली. शिवण बारीक आणि चापून बसलेली, अंगाला टोचणार नाही अशी.

"ए बाई! हात कशाला लावताय? वाळलेलं मळवाल!"

दारात एक जाडजूड बाई उभी होती. बाह्या कोपरापर्यंत वर, हात लाल आणि ओले.

"धुणं बघतेय."

"धुणं काय बघायचं असतं? आमच्या चादरी काय प्रदर्शनाला लावल्यात?"

"किती वेळा बदलता?"

"म्हणजे काय, किती वेळा? ओलं झालं की बदलतो. त्याचं काय वेळापत्रक असतं का? तुम्ही कोण?"

"बहिणीला ठेवायची आहे."

"मग पुढून यायचं. मागून मांजरं येतात."

मावशीला इतकं बरं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. ती बाई म्हणजे तिथल्या मोठ्या सिस्टर निघाल्या. नर्सची नोकरी सोडून त्यांनी बावीस खाटांचं हे घर चालवायला घेतलं होतं. मावशीने न विचारता चार खाटांच्या गाद्यांखाली हात घातला. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिला विचारलं, "काही हरवलंय का?" सगळ्या गाद्या कोरड्या होत्या. एकजण ओरडत होता, कोणीतरी त्याला ओरडून उत्तर देत होतं, आणि भिंतीवर एकही टीव्ही नव्हता.

"भेटायची वेळ काय?" मावशीने निघताना विचारलं.

"वेळ कसली? कधीही या. आणि आलात तर हात लावा, नुसत्या गप्पा मारत बसू नका."

रविवारी तिने हे घरी सांगितलं. ताई चाकांच्या खुर्चीत बसून ऐकत होती. "डेपोच्या मागे?" भाचा म्हणाला. "आईला? नातेवाईक काय म्हणतील?"

"नातेवाईक आठ महिन्यांत किती वेळा आले?"

"मी म्हणेन तेच होणार. उद्या गाडी येतेय."

"आणि पंधरा दिवसांनी आपण तिला बघणार," सूनबाई हळूच म्हणाली. ताईने डाव्या हाताने खुर्चीचा हात दोनदा थोपटला. कोणाचं लक्ष नव्हतं.

सोमवारी नऊ वाजता काचघराची गाडी आली. पांढरी, बाजूला फुलाचं चित्र. गणवेशातले दोन पुरुष वर आले, अदबीने नमस्कार केला आणि एकाने खुर्चीची मूठ धरली. खुर्ची हलेना. त्याने वाकून बघितलं, चाकाचा ब्रेक लागला होता. त्याने तो सोडला आणि मूठ धरली. खुर्ची पुन्हा हलेना. ताईचा डावा हात पांघरुणाखालून ब्रेकवर होता.

"आजी, हात आत घ्या हं," तो म्हणाला, आणि ब्रेक सोडला. खटकन पुन्हा लागला.

"आई, प्लीज," भाचा म्हणाला.

"गाढव," ताई म्हणाली. हळू नाही, लांबवून नाही. कचेरीत चुकीचा कागद परत करावा तसं.

मावशी कोपऱ्यात उभी होती. ती भांडायला तयार होऊनच आली होती, काय काय बोलायचं ते बसमध्ये जुळवलं होतं, पण तिला तोंडच उघडावं लागलं नाही. चौथ्यांदा ब्रेक लागला तेव्हा सूनबाई पाठीवर हात ठेवून पुढे आली आणि खुर्चीच्या आणि त्या माणसाच्या मध्ये उभी राहिली.

"आपण तिघंही आठवडाभर यांच्या डोक्यावरून बोलतोय," ती नवऱ्याला म्हणाली. "यांना कोणी विचारलंय का?" मग ती वाकली नाही, तिला वाकता येत नव्हतं, पण तिने सासूच्या डोळ्यांत बघितलं. "आई, यांच्याबरोबर जायचंय?"

ताईने ब्रेकवरचा हात उचललाच नाही.

"परत जा," सूनबाई त्या दोघांना म्हणाली. "झाली गैरसोय, माफ करा."

"अगं पण जागा जाईल!" भाचा म्हणाला.

"जाऊ दे की. आठ महिने मी उचललंय. त्यातलं एवढं तरी मला बोलू दे."

गाडी रिकामी गेली. खाली उतरताना त्यातला एकजण दुसऱ्याला म्हणाला ते जिन्यात स्पष्ट ऐकू आलं: "आजी पक्की आहे रे." ताई तोंडाच्या डाव्या कोपऱ्याने हसली. तिला आता तेवढंच हसता यायचं.

दुपारी भाच्याने दुकानाची गाडी काढली आणि ताईला खुर्चीसकट तिच्यात बसवलं; मावशी आणि सूनबाईही निघाल्या. चेहरा असा की गाडी तो नाही, गाडीच त्याला नेतेय. डेपोमागच्या घराच्या तुटक्या पायरीवर तो थांबला, मावशीकडे बघितलं आणि आत शिरला. मागचं अंगण, चादरी, ठिगळं मावशी त्याला दाखवत होती. तो "हं, हं" करत होता. मग तो बाथरूममध्ये शिरला आणि तिथून त्याचा वेगळाच आवाज आला.

"मावशी, इकडे ये. ही टाइल बघितलीस?"

"पांढरी आहे. स्वच्छ आहे."

"अगं, भिंतीची टाइल आहे ही! जमिनीवर लावलीय. हिच्यावर पाणी पडलं की पाय राहत नाही." त्याने नळ सोडला, बुटाचा तळ फरशीवर ठेवला आणि तो सरकन पुढे गेला. "आई इथं पहिल्या दिवशी पडेल. आणि धरायला काही नाही. उंबरठा बघ, बोटभर वर आलाय."

मावशी त्या ओल्या फरशीकडे बघत राहिली. ती शनिवारी या बाथरूममध्ये येऊन गेली होती. दांडीवरचे टॉवेल तिने वासापर्यंत तपासले होते. स्वतःच्या बाथरूमच्या फरशीवर बहिणीबरोबर तासभर बसून काढला होता, तरी खाली बघायचं तिला सुचलं नव्हतं.

"मला नाही दिसलं," ती म्हणाली.

भाचा टोमणा मारेल असं तिला वाटलं. त्याने फक्त नळ बंद केला. "तुला कसं दिसेल? तुझं काम नाही ते."

मोठ्या सिस्टर दारात येऊन उभ्या होत्या. "दोघं पडले आहेत इथं," त्या म्हणाल्या. "लपवत नाही मी. म्हणून आता प्रत्येकाला दोघीजणी धरून नेतो. ज्याने बसवली तो म्हणाला होता, चालतंय."

"चालत नाही, घसरतंय!" भाचा म्हणाला.

"मग तुम्ही बसवा नीट. तुम्हाला कळतंय ना?"

भाच्याने बुटाने पुन्हा फरशी घासून बघितली. खुर्चीतून ताई त्याच्याकडे बघत होती. मावशीही. सूनबाई छताकडे बघत होती, कारण तिला हसू आवरत नव्हतं.

"दुकानात खरबरीत माल पडून आहे," तो शेवटी म्हणाला. "मिस्त्री उद्या आणतो. धरायच्या दांड्यापण लागतील. आणि तो उंबरठा मी फोडणार."

"फोडा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मग त्या ताईसमोर आल्या. "आणि तुम्ही? खिडकीची खाट आहे. बसचा आवाज येतो. हवी की नको?"

"गाढव," ताई म्हणाली.

"असेन. पण खाट हवी की नको ते सांगा."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. मग डाव्या हाताने स्वतःच चाक ढकललं. एका हाताने ढकललं की खुर्ची वळते, तशी ती गोल फिरली, भिंतीला लागली, सूनबाईने सरळ केली. खिडकीच्या खाटेशी पोचल्यावर ताईने ब्रेक लावला.

चार दिवसांनी, बाथरूम झाल्यावर, ताई तिथं राहायला गेली. मावशी दिवसाआड जायची, कधी सकाळी, कधी जेवणाच्या वेळी, कधी दुपारच्या झोपेच्या वेळी, न सांगता, मागच्या दाराने. मोठ्या सिस्टरांनी दोनदा ओरडून बघितलं आणि सोडून दिलं.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी अकरा वाजता ती आली आणि नेहमीसारखा ताईच्या पाठीखाली हात घातला. हात ओला झाला. चादर बाजूला करून बघितलं, तर कड्याबाहेर दुसरं कडं.

त्यानंतर जो आवाज झाला तो डेपोतल्या चालकांनीही ऐकला असेल. नेमका तेव्हाच भाचा आईसाठी फळं घेऊन पुढच्या दाराने आला होता. मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्यांच्या बाह्या वर होत्या आणि कपाळावर घाम.

"दोन वेळा!" मावशीने चादर त्यांच्यासमोर धरली. "दोन वेळा ओली झालीय. सकाळपासून कोणी बघितलं नाही?"

मोठ्या सिस्टरांनी चादर हातात घेतली, उजेडात धरली. "नाही बघितलं," त्या म्हणाल्या. "आज दोघीजणी आल्या नाहीत. मी त्या टोकापासून सुरू केलं, इथवर पोचले नाही. चुकलं." आणि त्यांनी काखेतली धुतलेली चादर मावशीच्या अंगावर फेकली. "धरा कोपरा."

मावशीने धरला. दोघींनी ताईला एका कुशीवर वळवलं, रबरी कापड पुसलं, विरलेली चादर ताणून घातली. मावशीने कोपऱ्याची घडी मारली, तळघरात शिकलेली, चार बोटं आत आणि वरून दाबून. मोठ्या सिस्टरांनी ती घडी ओढून बघितली. सुटली नाही.

"गाढव," ताई दोघींकडे आळीपाळीने बघत म्हणाली.

भाचा फळांची पिशवी धरून उभाच होता. "बघ," तो मावशीला म्हणाला, "शेवटी इथंही तेच. मग काचघरात काय वाईट होतं?"

"तिथं आज मी कुठं असते?" मावशी म्हणाली. "फाटकाबाहेर. शनिवारची वाट बघत." तिने मळकी चादर गोळा करून काखेत मारली. "ती पिशवी ठेव खाली आणि पलीकडच्या आजोबांच्या खाटेशी ये. अजून नऊ खाटा राहिल्यात. सिस्टर, धुतलेल्या कुठं आहेत?"

"मागे. दोरीवर."

भाच्याने घड्याळ बघितलं, मग आईकडे. आईची नजर त्याच्यावरच होती आणि तिने तोंड उघडायला सुरुवात केली होती.

"हो हो, आई, कळलं," तो घाईने म्हणाला, आणि पिशवी खाली ठेवून मागच्या दाराकडे चादरी आणायला गेला.